थांब्याकडची वाट

लिडबर्न,
१२ ऑक्टोबर १९८३

प्रिय मिसेस प्रॉसर,

पाकिटावर हे नाव लिहिलं आणि क्षणभर वाटलं, मी स्वतःलाच पत्र टाकते आहे. तुमचा पत्ता आमच्या पाद्रीबाबांकडून मिळाला. तुमच्या आईच्या थडग्यावरचा दगड कलला म्हणून तुम्ही त्यांना मध्ये लिहिलं होतंत ना, त्यावरून.

मी मार्जरी. एड्विनची बायको. आपण कधी भेटलो नाही. तुम्ही गाव सोडलंत, त्यानंतर काही वर्षांनी मी इथलं टपाल सांभाळायला आले आणि पुढे आमचं लग्न झालं. तुम्हाला त्रास द्यायचा माझा मुळीच विचार नाही. एक साधी गोष्ट विचारायची आहे.

गावातून नदीच्या कडेकडेनं जुन्या रेल्वेथांब्याकडे जाणारी एक पायवाट होती म्हणतात. ती नेमकी कुठून निघते? एड्विनला हल्ली दुपारी फिरायला जावंसं वाटतं आणि त्याला त्याच वाटेनं जायचं असतं. मी त्याला डांबरी रस्त्यानं नेते, पण ते त्याला पटत नाही. "ही वाट नव्हे," म्हणतो आणि भर रस्त्यात उभा राहतो. मागून दुधाची गाडी येते, भोंगा वाजवते, हा ढिम्म हलत नाही. मग तूच दाखव म्हटलं तर चर्चच्या मागे नेतो, तिथून गिरणीच्या मागे आणि तिथे गेलं की माझ्याकडेच बघत राहतो. चाळीस वर्षं ढोरांचा डॉक्टर म्हणून या शेतांतून फिरलेला माणूस. मला चमत्कारिक वाटतं.

शेजारच्या ग्विलिमला विचारलं. त्याची मेंढरं त्याच कुरणात चरतात. तो म्हणाला, "आमचा बाबा असता तर सांगितलं असतं. गाडी बंद झाल्यापासून तिकडे कोण जातंय? नुसतं खाजरं रान माजलंय." ज्यांना ती वाट ठाऊक होती, ते सगळे आता चर्चच्या आवारात झोपलेत आणि ते काही सांगत नाहीत. म्हणून तुम्हाला लिहिलं.

एड्विनची तब्येत उत्तम आहे. वयाप्रमाणे थोडं विसरायला होतं, इतकंच.

आपली,
मार्जरी प्रॉसर


लिडबर्न,
३० ऑक्टोबर १९८३

प्रिय मिसेस प्रॉसर,

कार्ड मिळालं. चारच ओळी होत्या, पण चारही कामाच्या. आभारी आहे.

वाट सापडली. तुम्ही लिहिल्याप्रमाणे चर्चच्या मागच्या जुन्या यू वृक्षापासून उजवीकडे वळलो. मेंढरांचं फाटक गंजून घट्ट बसलं होतं, ते ग्विलिमनं खांदा लावून उघडून दिलं. त्यापुढे मी काही बोलायचीच गरज पडली नाही. नदी डाव्या हाताला आली आणि एड्विनच्या पायांना सगळं आठवलं. मी मागे आणि तो पुढे. काठीनं खाजरी झुडपं बाजूला करत चालला होता, जसा काही कालच इथून गेला असावा. वाळुंजाची पिवळी पानं पाण्यावरून आमच्याबरोबर वाहत होती. एका वळणावर खंड्या निळी रेघ ओढून गेला. "बघितलास?" असं त्यानं मला विचारलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यानं मला काही दाखवलं नव्हतं.

जिथे कुंपण ओलांडायची लाकडी पायरी आहे, तिथे तो आधी पलीकडे गेला आणि मागे न बघताच हात पुढे केला. मी उंच आहे, मला तसा हात लागत नाही. पण धरला.

थांब्यावर आता काही राहिलेलं नाही. रूळ उखडून नेले, त्यांच्या जागी बर्चची रोपं वर आलीत. फलाटाच्या विटा तेवढ्या शाबूत आहेत. तिथे आम्ही बसलो. त्यानं खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं आणि मला म्हणाला, "उशीर झालाय वाटतं गाडीला." मी म्हटलं, "असेल." थर्मासमधला चहा प्यायलो, केकचा तुकडा खाल्ला. अंधारून यायला लागल्यावर मी म्हटलं, "आज काही येत नाही गाडी. उद्या बघू." तो शहाण्या मुलासारखा उठला.

मागच्या पत्रात तब्येत उत्तम असं लिहिलं होतं, ते तितकंसं खरं नाही. डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याला एक नाव दिलंय. नाव कळून काही फरक पडत नाही. कधी मला ओळखतो, कधी नाही. तो कुणाला तरी आणायला निघालेला असतो. कुणाला, ते मी काही विचारलेलं नाही.

आपली,
मार्जरी


लिडबर्न,
२० नोव्हेंबर १९८३

प्रिय ऑलिव्ह,

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ सांगते. तुम्हाला.

तुम्हाला आणायला जातो तो. हे मला पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. "विचारलेलं नाही" असं मी लिहिलं, ते खरंच होतं. विचारावंच लागलं नाही. दुपारचं जेवण झालं की तो कपाटातून चांगला कोट काढतो. बोटांना आता बटणं लावता येत नाहीत, ती मी लावते. मफलर गुंडाळते, बूट बांधून देते आणि त्याला त्याच्या बायकोला आणायला घेऊन जाते. या गोष्टीवर हसावं की काय करावं, हे पहिले काही दिवस मला कळेना. आता ती सवयीची झाली आहे.

काल फलाटावर बसलो होतो, तेव्हाचं बोलणं लिहिते.

मी विचारलं, "ऑलिव्ह काय म्हणेल तुला बघून?"

"काय म्हणणार. आलास एकदाचा, म्हणेल."

"आणि तू?"

त्यानं काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "माझं म्हणणं काय असणार? बॅग उचलायची आणि निघायचं." थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला थंडी वाजत नाही ना, बाई?" आणि स्वतःचा मफलर काढून मला दिला. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला तो 'बाई' म्हणाला. पण मफलर दिला.

परतताना ग्विलिम फाटकाशी भेटतो. पहिल्यांदा गोंधळला होता, आता तोही सामील आहे. "काय डॉक्टर, आज पण गाडी चुकली?" एड्विन म्हणतो, "चुकली नाही, आलीच नाही. रेल्वेवाल्यांना लिहिलं पाहिजे." ग्विलिम म्हणतो, "लिहाच. माझी पण सही घ्या."

आता मी विचारते, रागावू नका. तुमच्याबद्दल मला एड्विननं आजवर एकच वाक्य सांगितलंय. "ती परत आली नाही." बाकी सगळं गावानं सांगितलं, आणि गावाचं म्हणणं असं की बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या फुलांची खरेदी करणारा कुणी एक व्यापारी होता आणि त्याच्याबरोबर तुम्ही गेलात. टपालाच्या खिडकीत बसलं की असलं सगळं कानावर पडतं. मी ते खरं धरून चालले. पण मग हा रोज कुठे निघतो? दुसऱ्याबरोबर गेलेल्या बाईला आणायला कुणी इतका नीटनेटका होऊन जात नाही.

मार्जरी


लिडबर्न,
९ जानेवारी १९८४

प्रिय ऑलिव्ह,

तुमचं मोठं पत्र नाताळच्या आधी आलं. उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम केला.

व्यापारी वगैरे कुणी नव्हता, हे कळलं. तुमची आई वारली आणि तिला पुरायच्या वेळी एड्विन ग्विलिमच्या बापाच्या गोठ्यात होता, तो सगळं आटोपल्यावर शेणानं भरलेल्या बुटांनी चर्चच्या आवारात आला, हे वाचलं. तुम्ही तिथेच सगळ्यांदेखत त्याला बोललात. आणि त्याच दुपारी, "मी बहिणीकडे जाते, हवी असले तर न्यायला ये," असं सांगून थांब्यावरून गाडीत बसलात. तो म्हणाला, "रविवारी येतो." त्या हिवाळ्यात जनावरांत लाळ-खुरकूत पसरली, प्रत्येक रविवारी कुणाचा ना कुणाचा गोठा आडवा आला, हे तुम्हीच लिहिलंत, त्याची बाजू घेऊन. पुढे साथ सरली, तरी तो आला नाही. तुम्ही बहिणीच्या गावी, स्कारबरोच्या स्टेशनवर रविवारच्या गाडीला जात होतात आणि एका रविवारी गेला नाहीत. घटस्फोटाच्या कागदांवर सही केलीत, ती त्यानंतर.

पत्र वाचून मला तुमचा राग आला. खरं तेच सांगते. तुम्ही पळून गेला होतात तोवर सगळं सोपं होतं. टाकलेल्या माणसाचा मी संसार उभा केला, असं मनाशी म्हणता येत होतं. आणि तुम्ही म्हणता, मी वाट बघत होते. म्हणजे मी जिच्यावर बसले ती खुर्ची रिकामी नव्हतीच. कुणीतरी नुसतं जरा उठून गेलं होतं.

आणि त्याचाही राग आला. एवढी वर्षं एका टेबलाशी जेवलो. त्यानं 'ती परत आली नाही' म्हटलं आणि मी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर 'मी गेलो नाही' असं म्हणाला असता का? मला नाही वाटत. पण विचारायला हवा होता.

सध्या पाऊस लागून राहिलाय. एरो नदी पात्राबाहेर आली आहे, कुरणांचं तळं झालंय. राजहंस ग्विलिमच्या फाटकावरून पोहत जातात. फिरणं बंद आहे. एड्विन खिडकीशी कोट घालून बसून असतो.

काही दिवस मला पत्र लिहू नका.

मार्जरी


लिडबर्न,
११ फेब्रुवारी १९८४

ऑलिव्ह,

तुम्ही-आम्ही करण्याचं बळ आता माझ्यात नाही. तुला चालेल असं धरते.

मंगळवारी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आत आले तर पुढचं दार उघडं आणि कोट खुंटीवर नाही. मी चपलांवरच धावले. फाटकाच्या पुढे वाटच नव्हती, सगळीकडे पाणी. लांबवर त्या पाण्यात तो उभा होता, गुडघ्याच्या वर भिजलेला, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझी बाजाराची पिशवी. ग्विलिम ट्रॅक्टर घेऊन आत घुसला. मी काठावरून हाका मारत होते आणि तो माझ्याकडे बघून हात हलवत होता, 'येतो येतो' म्हणतात तसा.

त्याला वर ओढून घेताना ग्विलिम ओरडला, "डॉक्टर, मरायचंय का?" तर हा म्हणतो, "अरे, गाडी चुकेल."

दोन दिवस ताप होता. उतरला. आमचे डॉक्टर येऊन गेले. त्यांचं म्हणणं, आता हेरेफर्डच्या वृद्धाश्रमात ठेवावं, तिथे दारं बंद असतात. जागा मेमध्ये होईल. मी हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे काही कारणही नाही. मी चौसष्टची. तो अजून माझ्यापेक्षा भराभर चालतो.

एक विचारते. तू येशील का? एकदाच. पाणी ओसरलं, वाट वाळली की. तुला बघून त्याचं येणं-जाणं थांबेल, असं मला वाटतंय. चुकीचंही असेल. तू नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. तुझ्यावर रागवायचं माझं आता करून झालंय.

मार्जरी


लिडबर्न,
२ एप्रिल १९८४

प्रिय ऑलिव्ह,

बारा तारीख ठीक आहे. तीन गाड्या बदलून यायचं म्हणजे दिवस जाणार, तेव्हा अकरालाच येऊन 'फ्लीस' खानावळीत उतर. बिछाने कोरडे असतात आणि न्याहरी बरी देतात. आमच्याकडे उतर म्हणणार होते, पण ते तुलाही नको असेल आणि मलाही धीर नाही.

बाराच्या दुपारी ग्विलिम तुला रस्त्याच्या बाजूनं थांब्यापाशी सोडेल. आम्ही नदीकडून येऊ. त्याला मी काही सांगितलेलं नाही, सांगून त्याच्या लक्षात राहतही नाही. बूट जाड घाल. यंदा मेंढ्यांना लवकर कोकरं झालीत, त्यांना बघत चालतो, म्हणून आम्हाला थोडा उशीर होईल. जाऊ नकोस.

मार्जरी


स्कारबरो,
१८ एप्रिल १९८४

प्रिय मार्जरी,

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप न घेता गेले, त्याबद्दल रागावू नकोस. तुझ्या दारापर्यंत आले होते. आतून तुझा आवाज ऐकू आला, त्याला अंडं भरवत होतीस. मग परत फिरले.

आदल्या दुपारी थांब्यावरून तू प्रिमरोझची फुलं तोडायला म्हणून खाली नदीकडे गेलीस. फुलं तोडायला एवढा वेळ लागत नाही, ते माझ्या लक्षात आलं. तुझी मी ऋणी आहे. त्या वेळात काय झालं ते तुला सांगायला हवं.

गाडीत बसल्यापासून मी एकच वाक्य घोकत होते. "एड्विन, मी ऑलिव्ह." ते तोंडून बाहेर पडलं नाही. त्यानं टोपी काढली, वाकला आणि म्हणाला, "तुम्हालाही हीच गाडी का, बाई?" मी हो म्हटलं. "उशिरा आहे, बसा," म्हणाला आणि विटांवर स्वतःचा रुमाल अंथरला. माझ्या तोंडाकडे अगदी नीट बघत होता. एखाद्या शेतकऱ्याच्या मावशीकडे बघावं, तसं. त्याला हवी आहे ती ऑलिव्ह काळ्या केसांची आहे आणि तिला चष्मा नाही. तिला तर मीही कितीतरी वर्षांत बघितलेलं नाही.

मी विचारलं, "कुठे निघालात?"

"बायकोला आणायला. बहिणीकडे गेलीये, समुद्राकाठी. मागच्याच रविवारी जायचं होतं, पण एक गाय अडली."

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी?"

"तेव्हा मेंढरं होती." मग स्वतःच हसला. "तुम्हाला वाटेल, हा माणूस कारणं सांगतोय."

"वाटतंय खरं."

"तिलाही तसंच वाटत असेल. गोठ्यात असलं की काय करायचं ते मला कळतं हो. तिच्यासमोर उभं राहिलं की नाही कळत. म्हणून एकेक रविवार गेला." खिशातून घड्याळ काढून बघत म्हणाला, "रागावली असेल का फार?"

मी म्हटलं, "एक हिवाळा रागावली असेल. नंतर नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"बायकांना माहीत असतं."

"मग बरं," म्हणाला आणि घड्याळ खिशात ठेवलं.

मी का नाही सांगितलं, ते तू विचारशील. तो निघाला होता, मार्जरी. तीस वर्षं ज्याची मी वाट बघितली, ते तो करत होता. मीच पुढे आडवी गेले असते, तर त्याला मध्येच परत फिरावं लागलं असतं. माझा त्याच्यावर एवढाच राग होता की तो निघाला नाही. तो राग काही आता उरला नाही. माझ्यावरचा राग मात्र आहे. परतीच्या प्रवासात पहिल्यांदाच डोक्यात आलं की ती गाडी दोन्ही बाजूंनी धावत होती. मीही बसू शकले असते. 'न्यायला ये' असं म्हणून मी अडून बसले आणि त्याला आपण स्वाभिमान म्हणतो.

अजून एक. हे लिहावं की नाही, यावर पाच दिवस घालवले. तू खाली काठावर वाकलेली दिसत होतीस. तुझ्याकडे बोट करून तो मला म्हणाला, "ती बाई फार चांगली आहे. रोज येते माझ्याबरोबर, पाऊस असो, थंडी असो. तिला बिचारीला कुणी नाही वाटतं. ऑलिव्ह आली की मी तिला सांगणार आहे, हिला रविवारी जेवायला बोलवत जा."

तुला हसू येईल की लागेल, मला ठरवता आलं नाही. पण तो माझ्याशी जे बोलला ते सगळं तीस वर्षांपूर्वीचं होतं. आजचं असं एवढंच होतं. तेव्हा ते तुझं आहे, माझ्याकडे ठेवून घेणं बरोबर नाही.

ऑलिव्ह


लिडबर्न,
६ सप्टेंबर १९८४

प्रिय ऑलिव्ह,

ऑगस्टमध्ये तुला फोनवर कळवलं तेव्हा तू म्हणालीस, "माझा निरोप घेऊन झालाय, आता तुझी पाळी." त्यामुळे अंत्यविधीला तू नव्हतीस याचं मला वाईट वाटलं नाही. बाकी सगळं गाव होतं. लांबलांबचे शेतकरी आले होते, कडक कॉलर घालून, ज्यांच्या अडलेल्या गाई यानं सोडवल्या होत्या असे. हॅमचे सँडविच कमी पडले.

तुझं एप्रिलचं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. जेवायला बोलवण्याचं वाचून आधी हसले. बराच वेळ हसले. मग हसणं राहिलं नाही. त्या रविवारी मी मटण भाजलं, त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि उभ्या उभ्या म्हटलं, "तुमच्या बायकोनं मला जेवायला बोलावलंय." तो लगबगीनं उठला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मग बसा ना. उभ्या का?" बसले. एरवी एका टेबलाशी जेवलो, तरी इतकी वर्षं रविवारी मी ओव्हन आणि टेबल यांच्यामध्ये उभ्यानंच जेवत आले होते; त्यानं कधी ते बघितलं नव्हतं, आणि मीही कधी खुर्ची ओढून घेतली नव्हती. त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही असेच जेवलो.

तू येऊन गेल्यावर त्याचं जाणं थांबेल असं मला वाटलं होतं. नाही थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कोट घालून दाराशी हजर. पण हेरेफर्डची जागा झाली तेव्हा मी नाही म्हणून कळवलं. कारण काही दिलं नाही. मे महिनाभर आम्ही गेलो. कुंपणं पांढऱ्या फुलांनी अशी लगडली होती की वाटेत बर्फ पडल्यासारखं वाटे. जूनमध्ये तो कुंपणाच्या लाकडी पायरीपाशीच थकायला लागला, मग फाटकापाशी. शेवटी यूच्या झाडापर्यंत. तिथे बाकावर बसून विचारायचा, "आलो का?" मी म्हणायचे, "आलोच." जुलैत अंथरूण धरलं. गेला तेव्हा शेतांत गवत कापणं चालू होतं, खिडकी उघडी होती. माझा हात धरलेला होता. कुणाचा म्हणून धरला होता ते मला माहीत नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगणार. आमच्या लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं तो रविवारी दुपारी म्हणायचा, "चल, नदीवर जाऊन येऊ." मला सहा दिवस टपालाची खिडकी, सातव्या दिवशी चर्चमधलं गाणं. मुरंबे करायचे असत. शिवाय चिखल. मी म्हणायचे, "तूच जा, कुत्र्याला घेऊन जा." तो जायचा. पुढे त्यानं विचारायचं सोडलं आणि मला वाटलं, बरं झालं, याचं खूळ गेलं. आम्ही दोघं मिळून जे काही चाललो, ते या एका वर्षात. त्याच वर्षात पहिल्यांदा मी त्याच्या काठीची लय ओळखायला लागले, तो कुठल्या झाडाशी थांबतो, पाण्याकडे बघताना मान कशी कलती करतो, ते मला कळलं. आणि या सगळ्या वेळात त्याच्या लेखी मी कुणी नसलेली एक बिचारी बाई होते. तक्रार नाही करत. उशिरा गेलं की जागा मिळेल तिथे बसावं लागतं.

ग्विलिमनं वाटेवरचं खाजरं रान छाटलं आणि फाटकाला नवी बिजागरी बसवली. आता सुट्टीत आलेली अनोळखी माणसं पाठीवर पिशव्या लावून तिथून जातात आणि मला वाट विचारतात.

काल दुपारी मी भांडी आवरली, बूट घातले आणि दाराशी उभी राहिले. तेव्हा लक्षात आलं, आज कुणाला आणायला जायचं नाहीये. तरी गेले. ब्लॅकबेरी पिकून काळ्या पडल्यात, खाली नदी अगदी उथळ झाली आहे, तळाचे गोटे मोजता येतील अशी. एकटीनं चालायला ती वाट लांब आहे.

तू ये, ऑलिव्ह. या महिन्यात वाट कोरडी असते. खानावळीत उतरायचं नाही, माझ्याकडे खोली आहे. आणि 'बघू', 'कळवते' असं करू नकोस. आपल्या तिघांचं त्यात आयुष्य गेलं. मला मोटार चालवता येत नाही, पण ग्विलिमला विचारून ठेवलंय, तो मला लेम्स्टरच्या स्टेशनवर घेऊन येईल. त्याच्या गाडीला मेंढरांचा वास येतो, तेवढा सोसावा लागेल. तुझी गाडी कितीची ते फक्त लिही. मी बाहेर नाही थांबणार, आत येऊन फलाटावर उभी असेन.

तुझी,
मार्जरी